ॲरेच्या मधोमध: ‘स्प्लाइस’च्या बाजूने

पर्लमध्ये ॲरेच्या मधोमध एखादा घटक घालायचा म्हटले की जाणकार म्हणवणारी मंडळी लगेच नाक मुरडतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: ॲरे हा टोकांनी वापरायचा असतो, शेवटी पुश करावे, पुढून शिफ्ट करावे. मध्ये काही घालावे लागत असेल तर मुळात रचनाच चुकली आहे. तिथे लिंक्ड लिस्ट हवी होती, नाहीतर हॅश हवा होता, नाहीतर आहे तो ॲरे बाजूला ठेवून नवा बनवायला हवा होता. आणि ज्याने हे काम होते ते ‘स्प्लाइस’ फंक्शन? ते संथ, गोंधळात टाकणारे, चार कामे एकाच नावाखाली कोंबणारे. कोड रिव्ह्यूमध्ये दिसले की काढायला सांगावे.

हे मत इतक्यांदा उच्चारले गेले आहे की नव्या माणसाला तो नियमच वाटतो. आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडणारी मुले डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांच्यातला फरक लिहून आलेली असतात. त्या उत्तरातली एक ओळ सगळ्यांना पाठ असते: ॲरेत मध्ये घालणे महाग, लिंक्ड लिस्टमध्ये स्वस्त. तीच ओळ घेऊन ती पर्लकडे येतात, समोरचा वरिष्ठ मान डोलावतो आणि एका ओळीच्या कामासाठी दोन फाइली लिहिल्या जातात. माझे म्हणणे असे की पर्लपुरते तरी हे मत चूक आहे. त्याच्या नादाने लिहिलेला कोड लांब होतो, बहुतेक वेळा संथही होतो आणि त्यात चुका लपायला जागा वाढते.

आधी प्रश्न नीट पाहू. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अंधेरीनंतर जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली असा क्रम होता. डिसेंबर 2016 मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर हे नवे स्थानक सुरू झाले. त्याआधीची सहा स्थानके एखाद्या प्रोग्राममध्ये ॲरेत आहेत असे धरा. ‘यूज यूटीएफ8’ लिहिले की पर्लमध्ये ॲरेचे नाव देवनागरीत ठेवता येते, तेव्हा त्याला @स्थानके म्हणू. फंक्शनचे नाव अर्थातच रोमन लिपीत लिहावे लागते, पण एरवी सगळे काम या एका ओळीत होते:

स्प्लाइस(@स्थानके, 2, 0, 'राम मंदिर');

कोणत्या ॲरेत, कोणत्या जागेपासून, किती घटक काढायचे, त्या जागी काय ठेवायचे. अंधेरीचा इंडेक्स 0, जोगेश्वरीचा 1, गोरेगावचा 2. म्हणजे दोनच्या जागेपासून एकही घटक न काढता राम मंदिर ठेवा. गोरेगाव आणि त्यापुढची सगळी आपोआप एकेक जागा पुढे सरकतील. या ओळीत न कळण्यासारखे काय आहे, हे मला अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

‘शेवटी पुश करा आणि सॉर्ट करा’ हा सल्ला इथे पहिल्याच पावलाला अडखळतो. ही नावे साध्या सॉर्टने लावली तर अंधेरीनंतर थेट कांदिवली येते आणि राम मंदिर मालाडच्याही मागे जाऊन बसते. स्थानकांचा क्रम त्यांच्या नावात नसतो, तो रुळांवर असतो. अशा याद्या सगळीकडे आहेत: प्रक्रियेच्या पायऱ्या, फाइलमधल्या ओळी, फॉर्मवरचे रकाने, पाठांतले धडे. इथे क्रम हीच माहिती असते, आणि क्रम साठवण्यासाठीच ॲरे असतो. त्या क्रमात मध्ये भर पडली म्हणून रचना चुकली असे म्हणता येत नाही. भर पडण्याची जागा वास्तवाने ठरवलेली असते.

काहीजण यावर तोडगा सुचवतात: प्रत्येक घटकाला एक क्रमांक द्या, सगळे हॅशमध्ये ठेवा, आणि मध्ये घालायचे झाले की 2 आणि 3 च्या मध्ये 2.5 द्या. डेटाबेसच्या टेबलात याला कारण असू शकते, कारण तिथे ओळींना स्वतःचा क्रम नसतो. ॲरेला तो असतो. असलेला क्रम टाकून द्यायचा, मग अपूर्णांकांनी तो परत उभा करायचा, आणि यादी वाचताना दर वेळी सॉर्टही करायचे, यातून हाती काय लागते? शिवाय अपूर्णांक संपतात. त्याच फटीत निम्मे-निम्मे करत पन्नासेक वेळा घटक घातले की 64 बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येची अचूकता संपते आणि दोन घटकांना एकच क्रमांक मिळतो. तेव्हा कोणतीही सूचना येत नाही, फक्त क्रम बिघडतो.

आता वेगाचा आरोप. हाच सगळ्यांत जास्त ऐकू येतो आणि हाच सगळ्यांत कमी तपासलेला आहे.

ॲरेत मध्ये घालताना पुढचे घटक सरकवावे लागतात, हे खरे. पण पर्लमध्ये सरकते काय? पर्लचा ॲरे म्हणजे सलग जागेत मांडलेले पॉइंटर. स्थानकाचे नाव पाच अक्षरांचे असो की पाच पानांचे, ते दुसरीकडे कुठेतरी असते आणि जागचे हलत नाही. हलतो तो फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा 8 बाइटचा पॉइंटर. ॲरेत 1 लाख घटक आहेत आणि नेमके मध्यावर घालायचे आहे असे धरा. 50,000 पॉइंटर सरकतील, म्हणजे 4 लाख बाइट. आजचा कोणताही साधा लॅपटॉप इतके काम मिलीसेकंदाच्या लहानशा भागात उरकतो. सहा स्थानकांच्या यादीत तर चारच पॉइंटर हलतात.

पर्लच्या मूळ सी कोडमध्ये, ‘पीपी.सी’ या फाइलमध्ये, हे फंक्शन वाचायला मिळते, आणि ते वाचलेल्या माणसाने त्याला आळशी म्हणू नये. घटक काढून ॲरे आखूड होणार असेल, तर कापलेल्या जागेच्या पुढे किती उरले आणि मागे किती, याची ते तुलना करते आणि कमी असेल तीच बाजू सरकवते. ॲरे वाढणार असेल तेव्हाही तसेच: घालायची जागा सुरुवातीच्या जवळ असेल आणि ॲरेच्या पुढच्या बाजूला मोकळी जागा शिल्लक असेल – शिफ्ट केल्यावर ती राहतेच – तर मागचा मोठा भाग जागचा न हलवता पुढचा छोटा भागच अलीकडे ओढून घेते. एवढा विचार आपण हाताने लिहिलेल्या लूपमध्ये कोण करतो?

खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे, आणि तो परीक्षेच्या पुस्तकात नसतो. पर्लचा प्रोग्राम चालतो तेव्हा तो ऑपकोडच्या साखळीने चालतो. व्हेरिएबल वाचणे हा एक ऑपकोड, हॅशमधून किंमत काढणे हा एक, तुलना करणे हा एक. प्रत्येकाचा स्वतःचा खर्च असतो. स्प्लाइस हा संपूर्ण एकच ऑपकोड आहे. 50,000 पॉइंटर सरकवण्याचे काम त्याच्या पोटात, सीमध्ये लिहिलेल्या लूपमध्ये होते. लिंक्ड लिस्टमध्ये मात्र मध्यापर्यंत पोचण्यासाठी 50,000 उड्या माराव्या लागतात आणि प्रत्येक उडी म्हणजे पर्लचे अनेक ऑपकोड: रेफरन्स सोडवा, ‘पुढचा’ काढा, व्हेरिएबलमध्ये ठेवा, संपले का पाहा. जोडण्याचे काम दोन पायऱ्यांत होते हे पुस्तक बरोबर सांगते. जोडायच्या जागी पोचायला किती पायऱ्या लागतात, हे ते दुसऱ्या पानावर सांगते, आणि ते पान कोणी उघडत नाही.

हा अनुभव पर्लपुरता नाही. सी++ भाषेचे जनक बियार्ने स्ट्रौस्ट्रप यांनी 2012 च्या एका व्याख्यानात हाच प्रश्न मांडला होता: क्रमाने लावलेल्या यादीत यादृच्छिक संख्या योग्य जागी घालत जायच्या आणि मग काढत जायच्या, तर सलग जागेतला व्हेक्टर बरा की लिंक्ड लिस्ट? ऐकणाऱ्यांना वाटत होते, लिंक्ड लिस्ट. मोजले तेव्हा व्हेक्टर जिंकला. कारण वेळ खातो तो शोध, आणि सलग जागेत पुढचा घटक प्रोसेसरच्या कॅशमध्ये आधीच आलेला असतो. सी++सारख्या थेट मशीन कोडमध्ये उतरणाऱ्या भाषेत ही गत, तर जिथे प्रत्येक उडीला इंटरप्रिटरचा कर भरावा लागतो त्या पर्लमध्ये लिंक्ड लिस्टने कोणत्या तोंडाने वेगाचा दावा करावा?

स्मृतीचेही तेच. पर्लमध्ये लिंक्ड लिस्टची एक गाठ म्हणजे एक छोटा ॲरे किंवा हॅश, त्याचा रेफरन्स आणि त्यातली किंमत. एका गाठीला सहज 100 बाइटच्या वर जागा जाते, ॲरेत मात्र त्या जागेसाठी 8 बाइटचा पॉइंटर पुरतो. मागे-पुढे दोन्हीकडे जाता यावे म्हणून दुहेरी लिंक्ड लिस्ट केली की गाठी एकमेकींना धरून बसतात, आणि पर्लची स्मृती रेफरन्स मोजून मोकळी होत असल्यामुळे त्या कधीच सुटत नाहीत. मग ‘वीकन’ करून एक बाजू सैल करायची, ती करायला विसरलेली जागा शोधायची. पर्लसोबत येणाऱ्या प्रश्नोत्तरांतच लिहिलेले आहे की साधारणपणे पर्लमध्ये लिंक्ड लिस्टची गरज पडत नाही. ॲरेला दोन्ही टोकांनी घालता-काढता येते आणि मध्ये स्प्लाइस आहे. भाषेसोबत मिळालेले उत्तर सोडून आपण वर्गातले उत्तर आणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दुसरा पर्याय अधिक सभ्य दिसतो, म्हणून त्याच्याशी सविस्तर वाद घालणे भाग आहे. स्प्लाइस नको, मूळ ॲरेला हात लावणे नको, असे म्हणणारे लोक स्लाइस जोडून नवा ॲरे बनवतात. जागेचा इंडेक्स $i असेल तर:

@स्थानके = (@स्थानके[0..$i-1], 'राम मंदिर', @स्थानके[$i..$#स्थानके]);

दिसायला देखणे आहे. डावा भाग, नवा घटक, उजवा भाग. $i दोन असेल तर उत्तरही बरोबर येते, आणि सगळे जण एवढेच तपासून पुढे जातात. आता $i ला उणे एक द्या. पर्लमध्ये उणे इंडेक्स शेवटून मोजतात, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात अर्थ स्पष्ट आहे: शेवटच्या स्थानकाच्या आधी घाला. डावीकडची श्रेणी 0 ते उणे 2 होते, म्हणजे रिकामी. मग राम मंदिर. मग उजवीकडची श्रेणी उणे 1 पासून 5 पर्यंत जाते: आधी उणे 1, म्हणजे बोरिवली, आणि त्यानंतर 0 ते 5, म्हणजे सगळी सहा स्थानके पुन्हा. सहाच्या यादीत एक घातले आणि हाती आठ आली. पहिले राम मंदिर, दुसरे बोरिवली, तिसरे अंधेरी. एकही वॉर्निंग येत नाही. स्प्लाइसला हाच उणे एक दिला, तर ते नेमके बोरिवलीच्या आधी घालते.

$i ला 20 देऊन पाहा. स्लाइसवाली ओळ सहा स्थानकांनंतर 14 रिकाम्या जागा तयार करते, त्यापुढे राम मंदिर ठेवते आणि 21 घटकांचा ॲरे मुकाट्याने हवाली करते. स्प्लाइस घटक शेवटी ठेवते, आणि वॉर्निंग चालू असतील तर दिलेली जागा ॲरेच्या बाहेर आहे असे बजावते. उणे 20 दिले तर ते सरळ प्रोग्राम थांबवते, कारण सुरुवातीच्याही अलीकडे जागाच नसते. धोका कशात आहे याचा निवाडा करायचा तर या तीन किमती दोन्ही ओळींना देऊन पाहाव्यात. वाद तिथेच मिटतो.

शिवाय ती देखणी ओळ पॉइंटर सरकवत नाही, ती सगळ्या किमतींच्या नव्या प्रती काढते. आणि प्रोग्रामच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोणी मालाडच्या घटकाचा रेफरन्स धरून ठेवला असेल, तर या ओळीनंतर तो रेफरन्स जुन्या मालाडकडेच पाहत राहतो. त्यातून केलेला बदल नव्या यादीत दिसतच नाही. स्प्लाइसनंतर मालाड तोच असतो, फक्त एक जागा पुढे गेलेला. मूळ ॲरेला हात न लावण्याचा आग्रह काही ठिकाणी योग्य असतो, हे मला मान्य आहे. पण वरची ओळ उत्तर परत त्याच @स्थानके मध्ये भरते. मग हात न लावल्याचे समाधान तरी कशाचे?

तिसरा आरोप: स्प्लाइस एकाच वेळी काढते, बदलते, घालते, चांगल्या फंक्शनने एकच काम करावे. हे तत्त्व चांगले आहे, इथे ते चुकीच्या जागी लावले आहे. स्प्लाइस एकच काम करते: ॲरेतल्या सलग तुकड्याच्या जागी दुसरा तुकडा ठेवते. जुना तुकडा शून्य लांबीचा असला की आपण त्याला घालणे म्हणतो, नवा तुकडा शून्य लांबीचा असला की काढणे म्हणतो. पर्लच्या डॉक्युमेंटेशनमध्ये याची सरळ मांडणी आहे. पुश म्हणजे शेवटच्या घटकानंतरच्या जागेवर शून्य काढून घालणे. पॉप म्हणजे उणे एकपासून काढणे. शिफ्ट म्हणजे शून्यापासून एक काढणे, अनशिफ्ट म्हणजे शून्यावर शून्य काढून घालणे. एखाद्या इंडेक्सला नवी किंमत देणे म्हणजे तिथून एक काढून एक ठेवणे. ज्या पाच गोष्टींना कोणीही नाव ठेवत नाही, त्या पाचही या एकाच क्रियेची रूपे आहेत. मग मूळ क्रियेलाच गोंधळाचे म्हणण्यात काय तर्क आहे?

आणि या रचनेतून एक गोष्ट मिळते जी वेगवेगळ्या घाला-काढा फंक्शनांतून इतक्या सहज मिळत नाही. स्प्लाइस जे काढते ते परत देते. त्यामुळे केलेला बदल उलटवायला वेगळी यंत्रणा लागत नाही:

माय @जुने = स्प्लाइस(@स्थानके, $i, $n, @नवे);

आणि बदल मागे घ्यायचा झाला की:

स्प्लाइस(@स्थानके, $i, स्केलर(@नवे), @जुने);

जागा तीच. आधी जितके घातले तितके आता काढायचे, आधी जे काढले ते आता घालायचे. घातले असो, काढले असो, बदलले असो, उलट फिरवायची ओळ एकच. एखाद्या संपादन प्रोग्राममध्ये ‘अन्डू’ लिहायला बसलेल्या माणसाला विचारा, की ही समरूपता किती मोलाची आहे. इन्सर्ट वेगळे, डिलीट वेगळे, रिप्लेस वेगळे असते तर तीन प्रकारच्या नोंदी, तीन उलट क्रिया आणि त्यांच्यातल्या फटीतून निसटणाऱ्या चुका वाट्याला आल्या असत्या.

ज्या चुका खरोखर होतात त्या मी लपवणार नाही. त्यांच्यावर बोट ठेवल्याशिवाय स्प्लाइसची बाजू मांडणे अप्रामाणिक ठरेल. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ते मधले शून्य विसरणे. स्प्लाइस(@स्थानके, 2) लिहिले तर गोरेगावपासून बोरिवलीपर्यंत सगळी स्थानके यादीतून जातात, कारण लांबी दिली नाही म्हणजे शेवटपर्यंत. स्प्लाइस(@स्थानके, 2, 'राम मंदिर') लिहिले तर ‘राम मंदिर’ ही लांबी समजली जाते, तिची संख्या शून्य होते, काहीच निघत नाही आणि काहीच घातलेही जात नाही. ‘यूज वॉर्निंग्ज’ असेल तर इथे मजकूर संख्या नाही अशी तक्रार येते. नसेल तर माणूस तासभर यादीकडे बघत बसतो. यावरचा उपाय प्रत्येक पर्ल फाइलच्या माथ्यावर असायला हवी ती ओळ आहे. फंक्शनवर बंदी घालणे म्हणजे रोग म्हशीला आणि इलाज पखालीला.

दुसरी तक्रार अशी, की ॲरे मध्ये घातला की तो विरघळतो, त्याचे घटक सुटे होऊन यादीत मिसळतात. पर्लमध्ये सगळ्याच याद्या अशा सपाट होतात. पुश केला तरी तेच होते. आख्खा ॲरे एक घटक म्हणून हवा असेल तर त्याचा रेफरन्स द्यावा. आणि अनेक स्थानके एका फटक्यात हवी असतील तेव्हा हेच सपाट होणे कामी येते: पाच नवी स्थानके एका ओळीत जातात, मागचा भाग एकदाच सरकतो.

आता विरोधकांचे जे खरे आहे ते. लूपमध्ये हजारो वेळा स्प्लाइस करणे वाईट. आधीच 1 लाख घटक असलेल्या ॲरेत आणखी 1 लाख घटक एकेक करून वेगवेगळ्या मधल्या जागी घातले, तर पॉइंटर हलवण्याची संख्या 500 कोटींच्या पुढे जाते, आणि मग तो मिलीसेकंदाचा लहानसा भाग सेकंदांत मोजावा लागतो. अशा वेळी एकदाच आरपार जाऊन नवी यादी बनवावी. मॅपच्या ब्लॉकने एका घटकाबद्दल दोन परत दिले तरी चालते, त्यामुळे ‘हा घटक जोगेश्वरी असेल तर तो आणि राम मंदिर, नाहीतर नुसता तो’ असे एका ओळीत म्हणता येते, आणि घालायची ठिकाणे कितीही असली तरी फेरी एकच होते. जागा किमतीवरून शोधायची असेल तर ‘लिस्ट::मोअरयूटिल्स’ या मॉड्यूलमध्ये ‘इन्सर्ट_आफ्टर’ तयार आहे.

आणि फोरइच फिरत असताना त्याच ॲरेवर स्प्लाइस करू नये, हे तर पर्लचे डॉक्युमेंटेशनच स्पष्ट बजावते. तसे केले की लूपचा हिशेब चुकतो. मध्ये घालायच्या जागा इंडेक्सने माहीत असतील तर शेवटच्या जागेपासून सुरुवातीकडे यावे, म्हणजे आधी घातलेल्याने पुढच्या जागा बदलत नाहीत. यातले काहीही स्प्लाइसच्या विरोधात जात नाही. कोणतीही रेषीय किंमतीची क्रिया लूपमध्ये ठेवली की वर्ग होतो. हा गणिताचा नियम आहे आणि तो सगळ्या भाषांना सारखाच लागू आहे. एकदा, दहादा, शंभरदा घालण्यासाठी मात्र तो नियम दाखवून स्प्लाइस काढायला लावणे ही फसवी सावधगिरी आहे, आणि रिव्ह्यूमध्ये मी तिला दर वेळी हरकत घेतो.

उरला तो शेवटचा शेरा: पर्ल जुनी झाली, कशाला एवढा वाद? लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती 1987 मध्ये प्रसिद्ध केली आणि पर्ल 5 आली 1994 मध्ये, हे खरे. पण जावास्क्रिप्टच्या ॲरेवरही स्प्लाइस हेच नाव आहे आणि त्याचा क्रमही हाच: कुठून, किती काढायचे, काय घालायचे. 1999 च्या ईसीएमएस्क्रिप्टच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते मानकात आहे. पीएचपीत ‘ॲरे_स्प्लाइस’ आहे, त्याचेही क्रमवार तेच. 2023 मध्ये जावास्क्रिप्टने मूळ ॲरे न बदलता नवा देणारे ‘टूस्प्लाइस्ड’ आणले, तेव्हाही तोच क्रम राखला. ज्यांना हा आराखडा गोंधळाचा वाटतो त्यांनी तो टाकून द्यायला इतक्या भाषांना इतकी वर्षे मिळाली होती.

पर्लने स्वतः मात्र याच फंक्शनाच्या बाबतीत एक सोय करून पाहिली आणि मागे घेतली. 2011 च्या 5.14 आवृत्तीत ॲरेऐवजी थेट ॲरेचा रेफरन्स स्प्लाइसला देता येईल अशी प्रायोगिक मुभा होती. हातात काय आहे हे पर्लने स्वतः ओळखावे, अशी कल्पना. ती फसली, आणि 2016 च्या 5.24 मध्ये काढून टाकण्यात आली. त्याच आवृत्तीत रेफरन्सच्या पुढे बाण आणि @ लावून ॲरे उघडण्याची पद्धत कायम झाली, त्यामुळे आता $यादी->@* असे लिहून पुढे तेच तीन तपशील द्यायचे. ॲरे कुठला ते डोळ्यांना दिसते, कुठून ते दिसते, किती ते दिसते, काय ते दिसते. ज्यांना स्प्लाइसमधले ते शून्य खटकते त्यांच्याकडे माझी एवढीच मागणी आहे की रिव्ह्यूमध्ये ‘स्प्लाइस काढा’ असे लिहिण्याआधी पर्यायी ओळ लिहावी, तिला 2, 20, उणे 1 आणि उणे 20 या चार किमती द्याव्यात, आणि जे उत्तर येईल ते त्याच शेऱ्याखाली चिकटवावे.